लोखंड दाबून बघणाऱ्या मॅडम

मॅडमनी माझ्या तळहातावर तो करडा तुकडा ठेवला आणि माझा हात खाली गेला.

आकार म्हणाल तर टपरीवरच्या चहाच्या ग्लासाचा खालचा अर्धा भाग. वाटलं, लोखंडच असणार. म्हणून हाताला तेवढाच ताण दिलेला. जन्म सगळा लोखंड उचलण्यात गेला, त्यामुळं कुठल्या आकाराला किती वजन, हे हाताला आपोआप कळतं. इथं हात फसला. लोखंडाच्या दुप्पट जड निघालं ते.

"आण्णा, पाडू नका हं," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडं दोनच आहेत."

"पडला तर काय हुतंय? दणकट दिसतोय की."

"फुटेल. काचेसारखा."

मी तो परत त्यांच्या हातात दिला. दुसऱ्याची एवढी नाजूक वस्तू हातात धरून गप्पा मारायची माझी सवय नाही.

हे चाललं होतं कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत, आमच्या मालकांच्या केबिनमध्ये. मालक म्हणजे संग्राम पाटील. वय माझ्या पोराएवढं. त्यांच्या वडलांच्या काळापासून मी ह्याच फोर्जिंगच्या, म्हणजे तापलं लोखंड दाबून-ठोकून घडवायच्या शॉपमध्ये हीट ट्रीटमेंटला होतो. हीट ट्रीटमेंट म्हणजे पोलाद तापवायचं, तेलात बुडवून कडक करायचं, आणि मग थोडं तापवून त्याचा ताठा कमी करायचा. नुसतं कडक पोलाद भांडकुदळ माणसासारखं असतं, एक दणका बसला की तुटतं. दुसऱ्यांदा तापवण्याला टेम्पर म्हणतात. जुने लोक ह्या सगळ्याला मिळून 'पाणी देणं' म्हणायचे. माझे वडील लोहार. मी शाळा चौथीत सोडली आणि भात्यावर बसलो, ते भट्टीपुढनं उठलो ते रिटायर झाल्यावरच.

रिटायर झालो आणि थोड्याच दिवसांत सुमन गेली. माझी बायको. त्यानंतर मी गडमुडशिंगीत घरातच बसून असायचो. पोरगा-सून दोघं कामाला जातात. दुपारी घरात फॅनचा आवाज, बाकी काही नाही. संग्रामदादा घरी आले आणि म्हणाले, "आण्णा, एक जॉब हाय. भट्टी तुमची तुम्हालाच ठावं. नवीन पोरं चुका करत्यात. चला." मी न्हाई म्हणणार होतो. पण ते दारातच बसून राहिले. मालक माणूस उंबऱ्यावर बसलेला बरा दिसत नाही, म्हणून उठलो. ट्रंकेतला खाकी शर्ट काढला. ठिणग्यांनी पडलेली भोकं सुमननं हाताला येईल त्या दोऱ्यानं शिवलेली. निळा, हिरवा, एका ठिकाणी तर लाल. तसाच घातला.

तर ह्या मॅडम. कांबळे मॅडम. कागलजवळच्याच एका खेड्यातल्या. शिकून डॉक्टर झालेल्या, पण औषधाच्या नव्हे, धातूंच्या. पुण्याकडं एका लॅबमध्ये काम करायच्या. बोलायला शुद्ध, पण घाई झाली की आपली बोली बाहेर यायची.

"मला ऐरण करायची आहे," त्यांनी सांगितलं.

मी म्हटलं, "ऐरण मला सांगायला नको."

"सांगायलाच लागेल. माझ्या दोन आहेत, आणि एकमेकींसमोर तोंड करून."

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. खाली एक ऐरण, वर एक ऐरण, दोन्हींची तोंडं एवढीशी, शर्टाच्या बटणाएवढी. मधे धातूची बारीक तार, केसापेक्षा थोडी जाड. वरून मोठी हायड्रॉलिक प्रेस दाबायची. सगळा भार त्या बटणाएवढ्या जागेवर. आमच्या शॉपमधली सगळ्यात मोठी प्रेस लाल लोखंड पिठासारखं मळते, तेही मॅडमच्या त्या बटणावरच्या दाबापुढं म्हणजे पाठ चोळून दिल्यासारखंच.

एवढा दाब कुठलं पोलाद सोसणार? म्हणून ऐरणीचं तोंड टंगस्टन कारबाईडचं. लेथवर कटिंगच्या टिपा असतात, त्याच जातीचं. पण कारबाईडची एक खोड आहे. दाबलं तर डोंगर पेलतं, ताणलं तर तडकतं. वरून दाबलं की कुठलीही वस्तू बाजूला फुगायला बघते. फुगली की ताण आला, आणि ताण आला की कारबाईड गेलं. म्हणून त्याच्या भोवती पोलादाची जाड रिंग बसवायची, ती त्याला चारी बाजूंनी आवळून धरते. फुगू देत नाही.

रिंगचं भोक कारबाईडपेक्षा जरा लहान ठेवायचं. रिंग तापवायची, ती फुगते, भोक मोठं होतं. कारबाईड आत सोडायचं. रिंग गार झाली की आकसते आणि असं धरते की पुन्हा बाहेर काढायची सोय नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना हेच करतात. मी तसं म्हटल्यावर मॅडम हसल्या.

"माझ्या थिसिसमध्ये पहिल्याच पानावर गाडीच्या चाकाचा फोटो आहे, आण्णा. आजोबांच्या गाडीचा."

म्हटलं, चला. आपण शिकवायला जावं तर बाई आधीच तिथनं जाऊन आलेल्या.

अडचण दुसरीच होती. रिंग फुगायला चांगलीच तापवायला लागते. पण जादा तापली की तिचं पाणी उतरतं, म्हणजे दिलेला कडकपणा जातो, आणि मऊ रिंग आवळणार काय? त्यामुळं कमी तापवलं तर जागा होत नाही, जादा तापवलं तर रिंग बाद. मधे वाट आहे, पण बोळ आहे. दोन गाड्या जात नाहीत त्यातनं.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"एक फुटला तर दुसऱ्याचा उपयोग नाही. जोडीच लागते. नवीन मागवून येईपर्यंत लॅबमधल्या प्रेसवरचा माझा नंबर जाईल. तिथं रांग आहे. माझे सर तर म्हणतातच, हा विषय सोड, सोपा घे."

हे सांगताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या तुकड्याकडं बघत होत्या.

रिंगा आम्ही केल्या. टूल स्टील घेतलं, लेथवर टर्निंग झालं, मी हार्डनिंग केलं. भट्टीला आता डिजिटल मीटर आहे. तरी मी जुन्या सवयीनं तारेला बांधलेलं चुंबक घेऊन जॉबजवळ, म्हणजे तापत्या तुकड्याजवळ, धरून बघायचो. लोखंड तापून लालबुंद झालं की एका क्षणी त्याला चुंबक धरत नाही. धरता धरता सोडून देतं. तिथनं अजून थोडं वर न्यायचं आणि तेलात. मॅडमनी ते बघितलं आणि जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"आण्णा, हे चुंबक लोखंड का सोडतं, माहिती आहे?"

"का सोडतंय ते ठावं न्हाई. सोडतंय एवढं खरं."

"आणि गार लोखंड नुसतं दाबलं, खूप दाबलं, तरी सोडतं, हे माहिती आहे?"

मी त्यांच्याकडं बघितलं. चेष्टा करतात का काय. "न्हाई पटत," म्हटलं. "तापवल्याबिगर कसं सोडंल?"

"मलाबी आधी पटलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

टेम्परला वेळ लागतो. रिंगा भट्टीत होत्या, आम्ही बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये चहा घेत बसलो. तिथं त्यांनी मला जे सांगितलं ते मला कळलं तेवढं लिहितो.

लोखंड, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, मँगनीज, व्हॅनेडियम, टंगस्टन ही सगळी एका घराण्यातली. पुस्तकात त्यांना संक्रमण धातू म्हणतात, इंग्रजीत ट्रान्झिशन मेटल. मी म्हटलं, "आवो ही तर आमची फोडणी! हेच चिमूटचिमूट घालून स्टीलचे सगळे प्रकार हुत्यात." मॅडम म्हणाल्या, बरोबर, आणि फोडणी का लागू पडते ते ऐका. प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉनचे कप्पे असतात. ह्या घराण्यात आतला एक कप्पा अर्धवट भरलेला असतो. चुंबकाचं धरणं, धातूचा कडकपणा, रंग, बऱ्याच गोष्टी त्या अर्धवट कप्प्यातनं येतात. भरलेलं घर शांत असतं, अर्धवट भरलेल्या घरात हालचाल फार.

आता हा धातू दाबायचा. अणू एकमेकांच्या अंगावर येतात. आतल्या कप्प्यालाही जागा पुरत नाही. मग ते सगळं नव्यानं रचून घ्यायला लागतं. साध्या लोखंडात अणू असे बसलेले असतात की मधे मोकळी जागा राहते. खूप दाबलं की ते सरकतात आणि फळवाला गाड्यावर मोसंबी रचतो तसे घट्ट बसतात. तिथं चुंबकपणा जातो. वीज वाहायलाही जास्त अडचण होते. निकेलला मात्र मोसंब्यासारखंच, पण थोड्या वेगळ्या थरांनी बसायची सवय पहिल्यापासून, ते कितीही दाबा, बसणी सोडत नाही. मँगनीजची रचना मुळातच इतकी विचित्र की त्याचं नाव काढलं की शास्त्रज्ञ डोकं धरतात. एकाच घराण्यातली, पण एकाचं वागणं दुसऱ्याला नाही. आमच्या भावकीचंही तसंच आहे.

"आणि दाब आणि ताप दोन्ही एकदम दिलं तर?" मी विचारलं.

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "तेच तर माझं काम आहे. पृथ्वीच्या पोटात लोखंड आणि निकेलचा गोळा आहे. तिथं सूर्याच्या अंगावर असेल तेवढी उष्णता. तुमच्या हिशोबानं काय व्हायला पाहिजे?"

"वितळून पाणी. दुसरं काय?"

"बाहेरचा थर पाणीच आहे. पण अगदी मधला गोळा घट्ट आहे."

"एवढ्या उष्णतेत?"

"वर अख्खी पृथ्वी बसलीय न्हवं त्याच्या. उष्णता म्हणती वितळ, दाब म्हणतो हलू नको. मधल्या गोळ्यात दाब जिंकतोय."

मी भट्टीपुढं एवढी वर्षं काढली. मला वाटायचं, आगीपुढं कुणाचं चालत नाही. आगीलाही गप बसवणारं काही आहे, हे त्या पत्र्याच्या शेडमध्ये कळलं. घरी गेल्यावर हे सुमनला सांगायचं, असं मनात आलं. कप हातात तसाच राहिला. मॅडमनी तो काढून घेतला आणि खाली ठेवला. गावाकडच्या माणसाला न बोलता कळतं.

रिंगा तयार झाल्या. नामदेव आमचा ग्राइंडर. त्यानं आतलं भोक घासून आरशासारखं केलं. नामदेवचा हात म्हणजे नाद खुळा, पण माणूस भाविक. मॅडमनी रिंगा स्वतः साफ केल्या, स्वच्छ कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या, आणि सगळ्यांना ताकीद दिली, "वरच्या फेसला, ह्या सपाट बाजूला, कुणी हात लावायचा नाही. तिथं माझ्या खुणा आहेत."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. लेथ, प्रेस, हॅमर, भट्टी, सगळ्यांना धुऊन पुसून हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्या दिवशी मशीन चालत नाही. रिंग बसवायचं दसऱ्याला सकाळी ठरलं. मालक म्हणाले, साडेतीन मुहूर्तातला दिवस आहे. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडंही दसऱ्याला मोठा दिवस असतो. आई वाट बघतीया विहारात जायला. पण हे आधी."

दसऱ्याला सकाळी रिंग भट्टीत ठेवली. मॅडमनी साफ करून ठेवलेल्या, म्हणून पुन्हा आत डोकावून कुणी बघितलं नाही. मॅडमनी स्वतःची थर्मोकपल वायर रिंगला लावली. ही तापमान सांगणारी तार. मी आपला पोलादाच्या रंगावर बघत होतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळा, निळा, आणि निळ्याच्या पुढं करडा. कारबाईडही वेगळं कोमट करून ठेवलं, एकदम गरम रिंगेत गेलं तर तडकेल म्हणून.

"काढा," मॅडम म्हणाल्या.

मी चिमट्यानं रिंग काढून लोखंडी बेडवर ठेवली. मॅडमनी कारबाईड पकडीत धरलं, सरळ केलं आणि सोडलं.

ते अर्धं आत गेलं आणि थांबलं.

बघा, हे काम म्हणजे काय. रिंग गार व्हायला लागलेली. कारबाईड तिची उष्णता ओढून घेतंय, म्हणून आणखी लवकर गार. जितकी गार होईल तितकी आवळणार, आणि आवळणार अर्ध्याच भागाला, वाकडी. तशीच गार झाली की कारबाईड तडकलंच.

"मार की वर!" मालक ओरडले.

नामदेवनं हातोडा उचललेलाच. "तांब्याचा हाय, लागणार न्हाई," म्हणत त्यानं हात वर नेला. खरं सांगतो, माझ्याही हाताला तेच सुचलं. अडकलेल्या जॉबला आम्हाला एकच औषध माहीत.

"ठेव! हातोडा खाली ठेव म्हणते न्हवं!" मॅडमचा आवाज असा निघाला की बाहेरचा वॉचमनही आत आला. मग माझ्याकडं वळल्या. "आण्णा, परत भट्टीत. दोन्ही. तसंच्या तसं."

"आवो, आत दोन्हीबी फुगतील. मग सुटणार कसं?"

"फुगू देत. पोलाद ज्यादा फुगतंय, हे निम्म्यानं. उचला!"

मी उचललं. चिमट्यात ती जोडी धरून भट्टीपर्यंत जाताना माझ्या डोक्यात ते शिरलं. दोन्ही सारखीच तापली, तरी पोलाद कारबाईडच्या दुप्पट फुगणार. म्हणजे पुन्हा मधे जागा होणार. जोर न लावता. बाईंनी ते एका श्वासात ओळखलं, आणि तेही समोर आपलं सगळं काम अडकलेलं असताना. अशा वेळी डोकं थंड ठेवणारी माणसं मी फार थोडी बघितली.

हळूच आत ठेवलं. दार लावलं. सगळे भट्टीपुढं उभे. आम्ही सगळे एकच आवाज ऐकू येऊ नये म्हणून कान देऊन होतो. टक. कारबाईड तडकलं की तेवढाच आवाज येतो. मॅडम मीटरकडं बघत होत्या. पापणी हलत नव्हती. रिंगचं पाणी उतरेल त्या आकड्याच्या जवळ जवळ मीटर चाललेला.

"मॅडम, रिंग जाईल," मी म्हटलं.

"रिंग गेली तर दुसरी करता येईल, आण्णा."

मग त्यांनीच खूण केली. मी काढलं. खाली काचेच्या लोकरीची गादी करून ठेवलेली. रिंग उलटी धरली, अलगद. क्षणभर काही नाही. आणि मग कारबाईड सरकलं, पिकलेलं फळ देठातनं सुटावं तसं, आणि गादीवर पडलं.

मॅडमनी लगेच हात लावला नाही. ते पूर्ण निवू दिलं. मग भिंग लावून सगळीकडनं बघितलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही वाजवून बघा." बाजारात मडकं घेताना बघतात तसं मी ते दोऱ्यानं टांगून नखानं वाजवलं. आवाज स्वच्छ निघाला. लांबत गेला. त्या खुर्चीवर बसल्या आणि पाणी मागितलं.

आता मालकांचा पारा चढला. "अडकलं कशानं? भोक मापात हुतं का न्हाई? नामदेव!"

मी रिंगमध्ये बॅटरी मारली. आत खालच्या बाजूला काळ्या जळक्या पापुद्र्याची पाच बोटं. पाच बोटं म्हणजे शब्दशः पाच बोटं, वरून खाली ओढलेली.

नामदेव काळाठिक्कर पडला. "मी लावलं," म्हणाला. "नवमीला. हळदकुंकू."

"आत? भोकात?" मालक किंचाळले. "लेका, आत कोण लावतं?"

"मॅडम म्हटल्यात्या वरच्या अंगाला हात लावू नका. म्हणून आत लावलं. मशिनीची पूजा झाली, हिची का ऱ्हावी? एवढं मोठं काम हाय त्यांचं."

"आणि पुसलं का न्हाईस?"

नामदेव मालकाकडं असा बघत राहिला जणू त्यांनीच वेड्यासारखं विचारलं. "कुंकू पुसत्यात व्हय, मालक?"

आमच्यात कुंकू पुसणं म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत. मॅडम उठल्या. मला वाटलं आता नामदेवचं काही खरं नाही. त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं. वर लावू नका म्हटलं. आत लावू नका म्हणायचं राहिलं."

"मॅडम, मी..."

"माझ्या कामासाठी केलं ना तुम्ही? मग झालं. आता साफ करू. दुसऱ्या रिंगेतपण लावलंय का?"

"व्हय. तिला कमी का करायचं?"

मॅडम हसल्या. मग आम्हीही. मालक सगळ्यात शेवटी.

पण साफ कुणी करायचं? नामदेव पुढं होईना. दुसरी पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सणाच्या दिवशी कुंकू घासून काढायला कुणाचा हात पुढं येईना. मॅडम पॉलिश पेपर घ्यायला लागल्या तर मालक म्हणाले, "नको नको, तुम्ही पावण्या."

मी म्हटलं, "आण हिकडं. माझ्या घरातलं कुंकू लावणारं माणूस गेलंय. मला आता काय भ्या?"

बसलो आणि काढलं. आधी सॉल्व्हंटनं, मग बारीक पेपरनं, हात एका गतीनं फिरवत, पोलाद कमी होऊ न देता. दुसरीतलं ओलसर होतं, ते कापडानंच निघालं. कापडाला लाल रंग आला. सुमन कपाळावर मोठं कुंकू लावायची, आणि दसऱ्याला तर त्याहून मोठं. ती सवाष्ण गेली. बायका म्हणाल्या, भाग्याची. असेल. मी ते कापड भट्टीत टाकलं नाही. बाहेर झेंडूच्या कुंडीत पुरून आलो.

नामदेवनं मापं पुन्हा घेतली. भोक जागेवर होतं. रिंगचा कडकपणाही तपासला, काठावर का असेना, पण पास. दुपारी पुन्हा तापवलं. ह्या वेळी मॅडमनी पकड माझ्या हातात दिली. "तुमचा हात सरळ आहे," म्हणाल्या. मी सोडलं. कारबाईड आत गेलं ते असं, की आवाजही आला नाही. दुसरंही तसंच. मग दोन्ही जोड्या वाऱ्यापासून आडोशाला, सावकाश गार व्हायला ठेवल्या. मधनं मधनं रिंग बारीक कुरकुरायची. आवळत होती.

नामदेवनं मॅडमला आपट्याची पानं दिली. त्यांनी घेतली, तो पाया पडायच्या आधीच त्याला थांबवलं, आणि आईला फोन लावला, "निघाले गं आता."

पुढं थंडीत त्यांनी मला पुण्याला बोलावलं. गेलतो एसटीनं. लॅब म्हणजे साधी खोली, पण मधे प्रेस दोन माणसांएवढी उंच. आमच्या दोन ऐरणी त्यात समोरासमोर बसवलेल्या. मधे लोखंडाची ती बारीक तार. आधी लोखंडच दाबून बघायचं, कारण ते कुठल्या दाबाला बदलतं हे जगाला माहीत आहे. त्यावरून आपला दाब बरोबर आहे का कळतं. मग निकेल मिसळून, मग तापवून, असं पुढं त्यांचं काम.

तारेतनं थोडी वीज सोडलेली. कॉम्प्युटरवर एक रेघ. प्रेस चढत गेली. रेघ सरळ, अगदी सपाट. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मॅडमचे खांदे बघून कळत होतं की अजून आलं नाही. त्यांचे सर मागं हात बांधून उभे होते.

आणि एका ठिकाणी ती रेघ वर उसळली. चढली नाही, उसळली. पायरी असल्यासारखी.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," मॅडम हळूच म्हणाल्या. "आता आत जे आहे, त्याला चुंबक धरणार नाही. गार आहे, घट्ट आहे, पण आपल्या ओळखीचं लोखंड नाही."

मग दाब हळूहळू उतरवला. रेघ खाली आली. थोडी रेंगाळली, पण आली.

"परत पहिल्यासारखं झालं?"

"झालं. आता चुंबक धरेल."

"मग एवढा खटाटोप करून हातात काय आलं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मॅडमना राग आला नाही. म्हणाल्या, "दाबात असताना ते काय होतं, हे तेव्हाच बघायला लागतं आण्णा. नंतर तार हातात घेऊन बघितली तर काही कळत नाही. ती गप्पच असते."

सरांनी ऐरण काढून तोंडाकडं बघितलं. ओरखडाही नव्हता. म्हणाले, "पुढचा नंबरही तुमचाच ठेवू." एवढंच. मॅडमनी मान हलवली आणि दुसरी तार घ्यायला वळल्या. पाच मिनिटंही बसल्या नाहीत. मला आवडलं ते. मी एवढी वर्षं लोखंडाला दाबलं, ठोकलं, पण वस्तू करायला. ते आत काय होतं म्हणून कधी विचारलं नाही. ह्या बाईनं विचारलं, आणि उत्तर यावं म्हणून जीव टांगणीला लावला.

परतीच्या एसटीत शेजारचा माणूस झोपलेला. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून हे लिहून काढलं. सुमन असती तर म्हणाली असती, "एवढीशी तार, आणि तिला एवढं मशीन?" आणि मग मुद्दा कळेस्तोवर प्रश्न विचारत बसली असती.

कामाचं तेवढं सांगतो. जॉब अडकला की हातोड्याकडं हात जातो, सगळ्यांचाच जातो. तो उचलायच्या आधी विचारा, तापल्यावर ह्यातलं कोण किती फुगतं. विचारायला जवळ माणूस नसला, तर हातोडा कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि जेवून या.